संथ म्हातारपण कुणाचे?

नागपूरहून वर्धा रोडने दक्षिणेकडे निघाले, मिहान ओलांडले, जामठ्याचे स्टेडियम मागे पडले, की लेआउटचे फलक सुरू होतात ते पार बुटीबोरीपर्यंत. प्लॉटसोबत या फलकांवर आणखी एक गोष्ट विकायला असते : निवृत्तीनंतरचे संथ आयुष्य. मोकळी हवा, दारात संत्र्याची दोन झाडे, आणि शहर हवे तेव्हा गाठता येईल इतके जवळ. हे स्वप्न पाहणाऱ्यांना मी दोष देत नाही. तीस-पस्तीस वर्षे शिफ्ट, फाइली आणि कर्जाचे हप्ते यांत गेलेल्या माणसाला उरलेली वर्षे घड्याळाविना काढावीशी वाटली, तर तो त्याचा हक्कच आहे. माझे म्हणणे एवढेच की असे आयुष्य कोणत्याही गावात आधीपासून तयार नसते. महिन्याच्या महिन्याला येणारी पेन्शन, जवळचा डॉक्टर, वेळेवर येणारी बस आणि ओळखीचा शेजार यांच्या आधाराने ते उभे राहते. हे नसेल तर मोकळ्या हवेतला माणूस वर्षभरात एकटा पडतो आणि पहिल्या मोठ्या दुखण्याला गाव सोडून मुलाच्या फ्लॅटवर जातो.

युरोपात या स्वप्नाला फ्रेंच खेड्याचा चेहरा आहे. पीटर मेल हा इंग्रज लेखक जाहिरातीचा धंदा सोडून दक्षिण फ्रान्समधल्या मेनेर्ब गावात राहायला गेला आणि १९८९ मध्ये त्याने तिथल्या एका वर्षावर पुस्तक लिहिले. ते इतके खपले की वाचक त्याच्या दारापर्यंत येऊ लागले. शेवटी तो काही वर्षे अमेरिकेत जाऊन राहिला, आणि परतला तो दुसऱ्याच गावात. त्याच्याआधी आणि नंतरही हजारो ब्रिटिश निवृत्तांनी फ्रान्सच्या ग्रामीण भागात जुनी दगडी घरे घेतली. व्यवहार सरळ होता. लंडनकडचे लहानसे घर विकले की तिकडे अंगणासकट मोठे घर यायचे आणि वर पैसे उरायचे. आयुष्यभर महागाईच्या जागी कमवायचे आणि म्हातारपणी स्वस्ताईच्या जागी खर्च करायचे, हा या संथपणामागचा हिशेब.

पण नुसत्या स्वस्त घरावर ती माणसे तिथे टिकली नसती. फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० कम्यून, म्हणजे गावोगावच्या पालिका, आहेत, आणि दोनशे वस्तीच्या गावालाही स्वतःचा महापौर व कचेरी असते. कायदेशीर वास्तव्य असलेल्याला साधारण तीन महिन्यांनंतर सरकारी आरोग्यविम्यासाठी अर्ज करता येतो. आणि ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर या निवृत्तांना गावच्या निवडणुकीत मत होते, उभेही राहता येत होते. शेकडो ब्रिटिश तिथल्या गावांच्या कौन्सिलवर निवडून आले होते. ब्रेक्झिट झाले आणि २०२० च्या निवडणुकीत त्यांना उभे राहता आले नाही. या सगळ्या कहाणीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील हाच. घर घ्यायला आलेली ती माणसे गावच्या टेबलावर बसून गटारांचा, शाळेचा, रस्त्याच्या दिव्यांचा हिशेब करत होती.

तिथेही सगळे आलबेल नाही. ग्रामीण भागातले जुने डॉक्टर निवृत्त होत आहेत आणि नवे तिकडे जायला तयार नाहीत; अशा टापूंना फ्रेंच लोक ‘वैद्यकीय वाळवंट’ म्हणतात. देशात दर पाच माणसांत एकाहून अधिक जण पासष्टीपुढचे आहेत, म्हणजे प्रश्न लहान नाही. आणि संथपणाची ही ख्याती असलेल्या देशात २०२३ मध्ये निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्याचा कायदा आला तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले. निवांत म्हातारपण हवापाण्यातून येत नाही, कायद्यातून आणि कररचनेतून येते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आपल्याकडच्या कुणाला खरोखरच तिकडे जायचे असेल तर दीर्घ मुदतीचा व्हिजिटर व्हिसा लागतो. त्यासाठी तिथल्या किमान वेतनाएवढे, म्हणजे महिना १,४०० युरोंच्या आसपास उत्पन्न दाखवावे लागते आणि तिथे नोकरी करणार नाही अशी हमी द्यावी लागते. रुपयांत ती रक्कम सव्वा लाखाच्या वर जाते. विदर्भातल्या किती निवृत्तांना हे जमेल, ते सांगायला नको. आपल्याकडे निवृत्तीनंतरचा परदेश बहुतेक घरांत वेगळ्याच वाटेने येतो : मुलगी किंवा मुलगा अमेरिकेत असतो, नातवंड होते, आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी जातात. तिथल्या उपनगरात शांतता भरपूर असते. पण गाडी चालवता येत नसेल तर घराबाहेर पडता येत नाही, जुन्या दुखण्यांना प्रवासी विमा सहसा हात लावत नाही, आणि ग्रीन कार्ड मिळाले तरी पाच वर्षे सलग राहिल्याशिवाय मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा विकतसुद्धा घेता येत नाही. सुना-मुली जीव लावून करतात. तरीही दुपारी दोन वाजता खिडकीशी बसलेल्या त्या माणसाला हाक मारायला कुणी नसते.

म्हणून मला हा प्रश्न बुटीबोरीत राहून तपासावासा वाटतो. संथ आयुष्य विकले जाते ते इथे, आणि गाव मात्र दिवसेंदिवस वेगाचे होत आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ इथून जातो. तुळजापूरहून नांदेड, यवतमाळ, वर्धा असा येणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग इथेच संपतो. नागपूर-वर्धा लोहमार्गावरचे स्टेशन आहे. एमआयडीसीत सिएटचे टायर बनतात, इंडोरामाचा पॉलिएस्टर धागा निघतो, आणि तीनही पाळ्यांना माणसे ये-जा करत असतात. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातला एक मार्ग मिहानपासून बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत येणार आहे. ११ डिसेंबर २०२२ ला त्याची पायाभरणी झाली. शेजारच्या टाकळघाटला १९६८-६९ मध्ये डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले, तेव्हा लोखंड वापरणाऱ्या महापाषाणकालीन लोकांची वस्ती उजेडात आली. म्हणजे अडीच हजार वर्षांपासून माणसे इथे पाण्यासाठी, जमिनीसाठी, कामासाठी येत आली आहेत. विश्रांतीसाठी बाहेरून येणारी माणसे मात्र इथे नवी.

आणि ज्यांनी इथे काम केले त्यांच्या विश्रांतीचे काय?

कारखान्यात ५८ व्या वर्षी घरी बसणाऱ्या कामगाराला ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या निवृत्तिवेतन योजनेची, पेन्शन मिळते. तिचा हिशेब साधा आहे : पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे, त्याआधी ती ६,५०० होती. पूर्ण ३५ वर्षे वरच्या मर्यादेने धरली तरी ७,५०० रुपयांच्या आसपास येतात, आणि प्रत्यक्षात इतक्या वर्षांची सलग नोकरी कितीजणांची होते? किमान पेन्शन आहे महिना १,००० रुपये. ही रक्कम ७,५०० करावी म्हणून पेन्शनधारकांनी बुलढाण्यात वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवले, दिल्लीत धरणे धरले. ठेकेदाराकडच्या कामगाराची कथा तर आणखी तोकडी. दर काही वर्षांनी ठेकेदार बदलतो, पीएफचे खाते बदलते, मधली वर्षे गळतात. सरकारी नोकरीतला निवृत्त माणूस प्लॉट बघायला येतो तो जुन्या पेन्शनच्या बळावर. राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची ती पेन्शन बंद केली, म्हणजे आजच्या तरुण शिक्षकाला आणि तलाठ्याला हे बळ त्याच खात्रीने मिळणार नाही. वर्धा रोडवरचे स्वप्न एका विशिष्ट पिढीच्या पेन्शनवर उभे आहे. ती पिढी सरेल तेव्हा या फलकांवरच्या जोडप्याची जागा कोण घेणार, याचा विचार झालेला दिसत नाही.

शेतकऱ्याला तर निवृत्तीचे वयच नाही. दिवाळीच्या सुमारास फार्महाऊसच्या ओसरीवरून समोरचे पांढरे वावर फार सुंदर दिसते. त्या पऱ्हाटीत ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बायांमध्ये साठी-सत्तरीच्या बायाही असतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे हात जितका चालेल तितके पैसे. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये आहेत, तेही कागद जुळले तर. शेतकऱ्यांसाठी २०१९ मध्ये आलेल्या केंद्राच्या पेन्शन योजनेत १८ ते ४० वयाच्यांनाच नाव घालता आले. आज जे वाकून काम करताहेत त्यांच्यासाठी ती नव्हती. शहरातून आलेल्या माणसाला जो गावाचा संथपणा वाटतो, तो या बाईला दिसत नाही. तिच्या दिवसात रिकामी दुपार नसते. दोन म्हातारपणे एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना राहतात आणि त्यांची भेट बहुधा मजुरीच्या देण्याघेण्यापुरती होते. मला हे दृश्य अस्वस्थ करते, आणि संथ आयुष्याचा गौरव करणाऱ्या लेखनात ते जवळपास कधीच येत नाही.

आता प्लॉट घेणाऱ्याकडे येऊ. आपल्या राज्यात बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन सहज विकत घेता येत नाही. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे. म्हणून माणूस एनए झालेला, मंजूर लेआउटमधला प्लॉट शोधतो. नागपूरकडे पहिला प्रश्न असतो, ‘आरएल आहे का?’, म्हणजे प्लॉटला मंजुरीचे पत्र आहे का. मग बँकेचे कर्ज, मग समृद्धी महामार्ग किती जवळ, मग मेट्रो कुठवर आली. प्रश्न सगळे बरोबर आहेत, कारण शेतजमिनीवर बिनमंजुरीने पाडलेले प्लॉट घेऊन फसलेली कुटुंबे कमी नाहीत, आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याची वेळ त्यांच्यामुळेच आली. पण या यादीत प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे, हा प्रश्न क्वचितच असतो. रात्री आठनंतर नागपूरहून एसटी मिळते का, १०८ ची ॲम्ब्युलन्स या रस्त्यावर किती वेळात पोचते, उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहते का, हे कुणी विचारत नाही. घेणारा माणूस मनाशी दोन गोष्टी एकदम मागत असतो : गाव आहे तसे शांत राहावे, आणि प्लॉटचा भाव दुप्पट व्हावा. भाव वाढतो तो मेट्रोने, उड्डाणपुलाने, नव्या कारखान्याने, आणि यातली प्रत्येक गोष्ट गावाला वेगाकडे नेते. ज्याला भाव हवा त्याने संथपणा मागू नये. त्याने ती गुंतवणूक समजावी आणि तसे म्हणावे. पण त्या भाववाढीने इथल्या कामगाराच्या मुलाला दोन खोल्यांचे घर बांधणे अवघड होते, याची जबाबदारीही मग त्याने मानावी.

आपल्या परंपरेतल्या वानप्रस्थाचा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. मला तो इथे लागू पडत नाही असे वाटते. वानप्रस्थात माणूस घर, शेत, किल्ल्या पुढच्या पिढीच्या हाती देऊन निघत असे. आज तो नवी मालमत्ता नावावर करून निघतो, तिला तारेचे कुंपण घालतो आणि गेटला कुलूप लावतो.

या भागात म्हातारपणी खेड्यात राहायला आलेल्या माणसाचे सर्वांत मोठे उदाहरण बुटीबोरीहून वर्ध्याकडे तासाभराच्या वाटेवर आहे. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला आले, तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. गावात नीट रस्ता नव्हता, मलेरिया होता, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांना स्वतःला तापाने गाठले. त्यांच्या आधी तिथे जाऊन राहिल्या होत्या मीराबेन, म्हणजे इंग्लंडच्या ॲडमिरलची मुलगी मॅडलिन स्लेड. पुढे सेवाग्राम झालेल्या या गावात राहण्याचा अर्थ त्या दोघांनी गावाची घाण, पाणी, रोग यांत हात घालणे असा लावला. तिथे १९४० च्या दशकात डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले आणि १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी सुगीला ज्वारी देऊन वर्गणी भरायची आणि त्या बळावर वर्षभर उपचार घ्यायचे, अशी विम्याची योजनाही या रुग्णालयाने चालवली. मोठ्या माणसाचे तेजोवलय बाजूला ठेवले तरी एक कोरडी गोष्ट उरते : बाहेरून आलेली, शिकलेली, ओळखीपाळखी असलेली माणसे गावात खरोखर राहिली, म्हणून गावाला दवाखाना मिळाला. आजही वर्धा आणि लगतच्या जिल्ह्यांतली गोरगरीब माणसे तिथे जातात.

मीराबेनच्या आयुष्याचा उत्तरार्ध आपल्या विषयाला आणखी जवळचा आहे. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या ग्रामीण भागात त्या राहायला गेल्या. तरुणपणापासून बेटहोवेनच्या संगीताची ओढ होती. शेवटची दोन दशके त्यांनी त्या सुरांच्या मुलखात काढली आणि १९८२ मध्ये तिथेच देह ठेवला. वर्ध्याच्या धुळीत राबलेल्या या बाईने युरोपच्या खेड्यात शांत म्हातारपण घेतले, याबद्दल कुणाला तक्रार असू नये. मला तर त्यात समाधान वाटते. तिने दोन्ही देशांत गावाला राहण्याची जागा मानले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आयुष्यभर राबलेल्या माणसावर म्हातारपणी पुन्हा समाजसेवेचे ओझे कशाला? त्याला सुखाने बसू द्या. मला हे पूर्ण मान्य आहे. गुडघे दुखत असलेल्या निवृत्त लिपिकाने गाव सुधारायला निघावे अशी माझी अपेक्षा नाही. त्याने फक्त त्या गावचा रहिवासी व्हावे. आज होते असे की माणूस आठवड्यातले चार दिवस बुटीबोरीकडच्या घरी असतो, पण त्याचे मत नागपुरात, रेशनकार्ड नागपुरात, डॉक्टर नागपुरात. गावातल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नसतो याचा त्याला त्रास होत नाही, कारण तो तिथे जातच नाही. आणि त्याच्यासारखी पन्नास बोलकी, अर्ज लिहिता येणारी, अधिकाऱ्यासमोर न दबणारी माणसे तिथे जात नाहीत, म्हणून डॉक्टर नसणे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. ज्यांना त्या केंद्राशिवाय दुसरा आधार नाही त्यांना अर्ज लिहिता येत नाही. फ्रेंच गावच्या कौन्सिलवर बसलेले ते ब्रिटिश म्हातारे संत नव्हते. आपल्याच दारासमोरचा रस्ता नीट व्हावा म्हणून ते बसले होते, आणि तो रस्ता शेजाऱ्याचाही होता.

अनुकूल गोष्टी इथे बऱ्याच आहेत. मिहानमधले एम्स बुटीबोरीच्या नागपूरकडच्या वाटेवर आहे, जामठ्याला कर्करोगाचे मोठे रुग्णालय झाले आहे. ७५ च्या पुढच्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड काढता येते, उत्पन्न कितीही असो. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, पाच वर्षे काढून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. ही शेवटची सवलत कितीतरी कामगारांना माहीतच नसते. कारखान्याच्या गेटवर निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळासोबत ही माहिती छापून दिली तर शालीपेक्षा ती जास्त दिवस उपयोगी पडेल. बुटीबोरी नगरपरिषदेने आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी नव्या लेआउटबरोबर आरोग्य केंद्राचे मनुष्यबळ आणि म्हाताऱ्यांना बसायला सावलीची जागा मागितलीच पाहिजे. मेट्रोच्या स्टेशनपासून गावात जायची बस हवी, नाहीतर ती मेट्रो फक्त पाळीच्या कामगाराची राहील. आणि ईपीएसची किमान पेन्शन १,००० वर अडकून राहणे हे या औद्योगिक वसाहतीला लाज आणणारे आहे. निवृत्त होऊन इथे राहायला येणाऱ्या प्रत्येक सरकारी पेन्शनधारकाने त्या मागणीच्या बाजूने उभे राहावे.

प्लॉटचा बयाणा देण्याआधी एक करा. मेअखेरचा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते तापलेले नऊ दिवस, त्याच गावात भाड्याच्या खोलीत काढा. पारा ४५ च्या वर असताना, दुपारी लाइट गेल्यावर, शेजारचे दार वाजवता येते का ते पाहा. रात्री छातीत दुखल्यास कुणाची गाडी मिळेल, हे त्या घरमालकाला विचारा. उत्तर पटले तर अवश्य या. गावाला तुमची गरज आहे. आणि राहायला आलात की पहिल्याच महिन्यात फॉर्म ८ भरून मतदार यादीतले नाव इकडे आणा, आणि पुढच्या ग्रामसभेला जाऊन बसा.